दुभंगलेला धूमकेतू

ऑस्ट्रियाच्या फौजेतला कप्तान विल्हेल्म फॉन बिएला काही पेशाने खगोलशास्त्रज्ञ नव्हता. नेपोलियनविरुद्धच्या लढायांत तो लढला होता. १८२६ साली त्याची नेमणूक बोहेमियातल्या योसेफस्टाट या किल्लेवजा गावात होती; आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. फौजी कामातून उरलेला वेळ तो दुर्बिणीला देई. २७ फेब्रुवारीच्या रात्री त्याला एक अंधुक, धुरकट ठिपका सापडला आणि तो ताऱ्यांमधून सरकत होता.

हे निव्वळ नशीब नव्हते. १७७२ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या लिमोज गावी मोंतेन नावाच्या हौशी निरीक्षकाने एक धूमकेतू पाहिला होता. १८०५ च्या नोव्हेंबरमध्ये मार्सेच्या वेधशाळेतून झाँ-लुई पाँसने आणखी एक पाहिला. (हा पाँस वेधशाळेत मुळात दरवान म्हणून लागला होता. पुढे त्याच्या नावावर ३७ धूमकेतू जमा झाले, म्हणजे त्या काळातल्या कुठल्याही प्राध्यापकाहून जास्त.) १८०५ चा धूमकेतू ९ डिसेंबरच्या सुमारास पृथ्वीपासून अवघ्या ५५ लाख किलोमीटरवरून गेला. चंद्र आपल्यापासून जितका दूर आहे त्याच्या चौदापटीच्या आसपास हे अंतर भरते. धूमकेतूंच्या हिशेबात ही घसट म्हणायची. तेव्हा तो नुसत्या डोळ्यांनी दिसला. गाउस आणि बेसेल या जर्मन गणितींना तेव्हाच शंका आली होती की १७७२ चा आणि १८०५ चा पाहुणा एकच असावा. बिएला त्याच्याच मागावर होता.

दहा दिवसांनी मार्सेच्या जाँ-फेलिक्स गांबारला तोच धूमकेतू स्वतंत्रपणे दिसला. दोघांनीही कक्षा मांडली आणि दोघांचाही निष्कर्ष एकच निघाला: तिन्ही धूमकेतू एकच, आणि तो साधारण पावणेसात वर्षांनी सूर्याजवळ येतो. नावावरून थोडी ओढाताण झाली. फ्रेंच लोक बरीच वर्षे त्याला गांबारचा धूमकेतू म्हणत राहिले, बाकी जगाने बिएलाचे नाव उचलले.

या शोधाला तेव्हा एवढे वजन का आले ते आज चटकन लक्षात येत नाही. परतून येतो हे सिद्ध झालेले धूमकेतू तोवर दोनच होते. एक हॅलीचा, ७६ वर्षांचा. तो १७५८ च्या नाताळात सांगितल्याप्रमाणे परतला आणि न्यूटनच्या गणिताचा डंका वाजला. दुसरा एंकेचा, जेमतेम सव्वातीन वर्षांचा. त्याचे भाकीत १८२२ मध्ये खरे ठरले. बिएलाचा तिसरा. हजारो वर्षे ज्याला माणसाने अवचित उगवणारे अरिष्ट मानले, त्याचे आता वेळापत्रक छापता येऊ लागले होते. ग्रहांसारखेच धूमकेतूही सूर्याचे कायमचे रहिवासी आहेत, त्यांच्या फक्त वाटा लांबट, असा समज पक्का होत होता. त्या समजाला सुरुंग लावण्याचे काम पुढे याच धूमकेतूने केले.

पण त्याआधी त्याने युरोपला घाबरवून घेतले.

ब्रेमेनचे डॉक्टर हाइनरिख ओल्बर्स दिवसा रोगी तपासत आणि रात्री आकाश. धूमकेतूंच्या गणितात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. १८३२ च्या फेरीचे गणित त्यांनी केले तेव्हा एक विलक्षण गोष्ट निघाली. धूमकेतूची वाट पृथ्वीच्या वाटेला जवळजवळ चिकटून जात होती. दोन्ही वाटांमधले अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या पाचपटीहूनही कमी, आणि धूमकेतूच्या डोक्याभोवतीचा धूसर गोळा त्याहून मोठा. म्हणजे २९ ऑक्टोबर १८३२ रोजी पृथ्वीच्या वाटेचा एक तुकडा त्या गोळ्यात बुडणार होता.

ओल्बर्स हे गणितींसाठी लिहीत होते. वाट आणि वाटसरू या दोन वेगळ्या गोष्टी, हे त्यांनी गृहीत धरले होते. वर्तमानपत्रांना तेवढी सवड कुठली! धूमकेतू पृथ्वीची वाट कापणार याचे ‘धूमकेतू पृथ्वीला कापणार’ व्हायला वेळ लागला नाही. पॅरिसमध्ये भीतीला पोषक हवाही होती. त्याच वर्षी मार्चअखेर शहरात कॉलरा शिरला आणि काही महिन्यांत अठरा हजारांवर माणसे दगावली. प्रेताच्या गाड्या रोज दारावरून जात असताना आकाशातून आणखी एक संकट येतेय हे कोणाला अशक्य वाटेल?

ही भीती जुन्या भीतीहून वेगळी होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार नावाचा सबंध अध्याय आहे. धूमकेतू कुठल्या दिशेला, कुठल्या नक्षत्रात उगवला तर कोणत्या देशावर काय ओढवेल याचा त्यात तपशील आहे. युरोपातही राजाचा मृत्यू, दुष्काळ, लढाई हेच शेंडेनक्षत्राचे अर्थ होते. १८३२ च्या पॅरिसकराला शकुनाशी फारसे देणेघेणे नव्हते. तो टकरीला भ्यायला होता, आणि टकरीची कल्पना त्याला पंचांगाने नव्हे तर वेधशाळेने दिली होती. अर्धवट कळलेले विज्ञान अंधश्रद्धेइतकेच लोकांना पळवू शकते, याचे हे एक मोठे उदाहरण.

लोकांची समजूत काढायला फ्रांस्वा आरागो पुढे आला. पॅरिसच्या वेधशाळेतला हा माणूस बोलण्यात पटाईत होता आणि सामान्यांसाठी लिहिणे त्याला कमीपणाचे वाटत नसे. सरकारी खगोल-वार्षिकाच्या १८३२ च्या अंकात त्याने धूमकेतूंवर लांबलचक लेख लिहिला. त्याचा मुद्दा सोपा होता. २९ ऑक्टोबरला धूमकेतू ज्या जागेवरून जाईल त्या जागी पृथ्वी पोचणार ३० नोव्हेंबरला. फाटकातून गाडी धडधडत निघून गेल्यावर महिन्याने आपण रूळ ओलांडावेत, तसलाच प्रकार. पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर धावते. महिन्याभराचा हिशेब केला तर दोघांमध्ये आठ कोटी किलोमीटर पडतात. शिवाय आरागोने एक सर्वसाधारण शक्यताही मांडली: एखादा अनोळखी धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २८ कोटी १० लाखांत एक. व्हिएन्नात लिट्रो या खगोलशास्त्रज्ञानेही याच कामासाठी पुस्तिका काढली.

२४ सप्टेंबरला इंग्लंडात जॉन हर्शेलने आपल्या वीस फुटी दुर्बिणीतून तो धूमकेतू टिपला. योगायोगाने तेव्हा तो बारीक ताऱ्यांच्या एका पुंजक्यासमोरून जात होता. हर्शेलला त्याच्या पोटातून ते तारे स्वच्छ दिसले. हजारो किलोमीटर जाडीचा तो पसारा, आणि पलीकडचे अतिमंद तारेही त्याला झाकता येईनात! पृथ्वीचा चुराडा करणार म्हणून ज्याचा बोभाटा झाला तो किती विरळ होता याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. पॅरिसच्या रस्त्यांवर हा पुरावा कोणी वाटला असता तर कॉफी विकणाऱ्यांनाही पटले असते. पण तो वाटला गेला नाही. २९ ऑक्टोबर आला आणि गेला. धूमकेतू नुसत्या डोळ्यांना दिसलादेखील नाही. सूर्याजवळची त्याची वेळ मात्र भाकिताशी एका दिवसाच्या फरकाने जुळली, आणि गणिती मंडळी खूश झाली.

१८३९ ची फेरी वाया गेली, कारण धूमकेतू सूर्याच्या झळाळीत होता. १८४५ च्या नोव्हेंबरअखेर रोममध्ये फ्रांचेस्को दे व्हिको या जेझुइट पाद्र्याला तो सापडला, दोनच दिवसांनी बर्लिनमध्ये योहान गालेलाही. सगळे सुरळीत चालले होते. १९ डिसेंबरला लंडनच्या जॉन हाइंडला त्याचा आकार जरा लांबट, एका बाजूला फुगवटा आल्यासारखा वाटला. २९ डिसेंबरला अमेरिकेत येल इथे हेरिक आणि ब्रॅडली यांना त्याच्याशेजारी दुसरा अंधुक ठिपका दिसला. त्यांनी त्याचे फारसे मनावर घेतले नाही.

१५ जानेवारी १८४६ ची केंब्रिजमधली संध्याकाळ मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मानवी वाटते. प्राध्यापक जेम्स चॅलिस दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि साहाय्यकाला म्हणाले की मला दोन धूमकेतू दिसताहेत. म्हटले खरे, पण लगेच त्यांना स्वतःच्याच डोळ्यांचा संशय आला. त्यांनी भिंग पुढेमागे केले, थोडा उजेड आत सोडला; तेव्हा लहान ठिपका म्हणजे भोवती थोडे धुके असलेला एखादा तारा असावा असे त्यांच्या मनाने घेतले. हे सारे त्यांनीच पुढे पत्राने कळवले आहे. धूमकेतू दोन होऊ शकतो हे तोवर कुठल्याच पुस्तकात नव्हते, मग ते दिसणार कसे? २३ जानेवारीला त्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा मात्र शंकेला जागा उरली नाही. दोन्ही एकाच दिशेने, एकाच चालीने निघाले होते. दरम्यान १३ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये नौदलाचा अधिकारी मॅथ्यू मोरी याने जोडी स्पष्ट पाहून नोंदवलीही होती.

बिचाऱ्या चॅलिसांचे ते वर्षच तसे होते. त्याच उन्हाळ्यात, गणिताने सुचवलेल्या एका नव्या ग्रहाचा शोध त्यांच्याकडे सोपवला होता. ऑगस्टमध्ये त्यांनी तो ग्रह दोनदा आपल्या वहीत टिपला आणि तारा समजून सोडून दिला. २३ सप्टेंबरला बर्लिनमध्ये गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगत होता आणि हाइनरिख दारेस्ट नावाचा विद्यार्थी नकाशावर ताडून पाहत होता. तासाभरात नेपच्यून सापडला. गाले आणि दारेस्ट ही नावे ध्यानात ठेवावीत, ती पुन्हा येणार आहेत.

पुढले दोन महिने युरोप-अमेरिकेतल्या दुर्बिणी त्या जोडीवर खिळून होत्या. दोघांनाही स्वतःचे केंद्र, दोघांनाही शेपूट. कधी मूळचा उजळ, कधी नवा. फेब्रुवारीत काही दिवस धाकट्याने थोरल्याला मागे टाकले. मोरीला तर दोघांना जोडणारी प्रकाशाची कमानही दिसली. दोघांमधले अंतर साधारण अडीच लाख किलोमीटर होते, चंद्राच्या अंतराच्या दोन तृतीयांश. मार्चअखेर धाकटा मावळला, एप्रिलअखेर थोरलाही दिसेनासा झाला.

सहा वर्षांनी, ऑगस्ट १८५२ मध्ये रोममध्येच पाद्री आंजेलो सेक्की यांना एक तुकडा सापडला. दुसरा हाती लागायला सप्टेंबरचा मध्य उजाडला, इतका तो दूर गेला होता. आता अंतर वीस लाख किलोमीटरच्या वर होते. यातला मूळ कोणता आणि फुटलेला कोणता हेही नक्की सांगता येईना. सप्टेंबरअखेर दोघेही अंधारात गेले.

त्यानंतर बिएलाचा धूमकेतू कोणालाही खात्रीने दिसलेला नाही.

१८५९ ची फेरी १८३९ सारखीच अडचणीची होती, तेव्हा ती कोणी हिशेबात धरली नाही. १८६५-६६ ची मात्र उत्तम होती. दोन्ही तुकड्यांची स्वतंत्र वेळापत्रके तयार होती. मोठमोठ्या दुर्बिणी रात्रीमागून रात्री त्या जागा धुंडाळत राहिल्या. काही नाही. तारखेबरहुकूम येणारा, ऐंशी वर्षांच्या नोंदींनी बांधलेला धूमकेतू जागेवर नव्हता. गणित चुकले म्हणावे तर गणितात खोट सापडेना.

इथे कथा जरा वेगळ्या वाटेला लागते, आणि तिथूनच तिचा उलगडा होतो.

उल्का म्हणजे काय याबद्दल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार गोंधळ होता. ॲरिस्टॉटलने धूमकेतू आणि उल्का दोन्ही वातावरणातल्या घडामोडी मानल्या होत्या. १५७७ च्या धूमकेतूचे वेध घेऊन टायको ब्राहेने धूमकेतूंना चंद्रापलीकडे नेऊन ठेवले. उल्का मात्र मागेच, विजा-वाऱ्यांच्या घरात राहिल्या. आपल्याकडेही बृहत्संहितेत केतुचार आणि उल्कालक्षण हे अध्याय वेगवेगळे आहेत. १२-१३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्री अमेरिकेवर उल्कांचा असा पाऊस पडला की लोक गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. येलच्या डेनिसन ओल्मस्टेडच्या लक्षात आले की सगळ्या उल्का सिंह राशीतल्या एकाच बिंदूतून फुटल्यासारख्या येताहेत. याचा अर्थ त्या समांतर धावणारा एक थवा आहेत आणि तो थवा पृथ्वीबाहेरून येतो. तेहतीस वर्षांनी, १८६६ च्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा आला, आणि तोही सांगून.

त्याच वर्षी मिलानच्या जोव्हान्नी स्कियापारेल्लीने एक पत्रमाला लिहिली. पत्रे लिहिली होती ती सेक्कींना, म्हणजे बिएलाच्या शेवटच्या फेरीचा तुकडा ज्यांनी धरला होता त्यांनाच. ऑगस्टमध्ये ययातीतून येणाऱ्या उल्कांची कक्षा १८६२ च्या मोठ्या धूमकेतूच्या कक्षेशी तंतोतंत जुळते, असे त्याने दाखवले. लगोलग सिंहेतल्या उल्कांचाही धूमकेतू सापडला. धूमकेतू आपल्या वाटेवर कणांचा सडा टाकत जातो आणि पृथ्वी त्या सड्यातून गेली की उल्का पडतात, एवढी ती गोष्ट होती. दोन हजार वर्षे वेगळ्या अध्यायांत असलेले दोन विषय एका वर्षात एक झाले.

मग हरवलेल्या बिएलाच्या वाटेवर काय आहे? १८६७ मध्ये तिघांनी हा प्रश्न जवळजवळ एकाच वेळी विचारला: व्हिएन्नाचा एडमुंड वाइस, आणि नेपच्यूनच्या रात्रीची ती जोडी, गाले व दारेस्ट, आता वेगवेगळ्या शहरांत. उत्तर जुन्या नोंदींत पडून होते. ६ डिसेंबर १७९८ च्या रात्री घोडागाडीतून प्रवास करणाऱ्या ब्रांडेस या जर्मन विद्यार्थ्याने खिडकीतून शेकडो उल्का मोजल्या होत्या. त्या देवयानी तारकासमूहाकडून येत होत्या आणि बिएलाच्या वाटेशी त्यांचा मेळ बसत होता. गुरूच्या ओढीने ती वाट हळूहळू सरकत असल्यामुळे भेटीची तारीख डिसेंबरातून नोव्हेंबरअखेर आली होती. वाइसने भाकीत केले: १८७२, नोव्हेंबरची २८ तारीख.

उल्का एक दिवस आधीच आल्या. २७ नोव्हेंबर १८७२ ची संध्याकाळ युरोपात अंधारली आणि देवयानीकडून उल्का निथळू लागल्या. इटलीत तुरीनजवळच्या मोंकालिएरीला पाद्री फ्रांचेस्को देन्झा आणि तीन सोबत्यांनी आकाश वाटून घेतले आणि साडेसहा तासांत ३३,४०० उल्का मोजल्या. ऐन भरात तर मोजणे अशक्य झाले, तेव्हा खरा आकडा मोठाच असणार. सिंहेतल्या उल्का सेकंदाला सत्तर किलोमीटरने येऊन सपकन ओरखडा काढतात. या सेकंदाला वीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे उल्कांच्या मानाने रेंगाळतच आल्या. पाहणाऱ्याला बोट दाखवून शेजाऱ्याला सांगण्याइतका अवधी मिळत होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचा सुमार होता आणि देवयानी वायव्येला झुकली होती.

चाळीस वर्षांपूर्वी ज्या भेटीच्या नुसत्या वदंतेने पॅरिस हादरले होते, ती भेट त्या रात्री झाली. पृथ्वी धूमकेतूच्या अवशेषांतून आरपार गेली. कोणाचे कौलही फुटले नाही.

गॉटिंगेनचा प्राध्यापक विल्हेल्म क्लिंकरफुस तेवढ्यावर थांबला नाही. त्याने विचार केला की थवा देवयानीकडून आला असेल तर पृथ्वीला ओलांडून तो आकाशाच्या नेमक्या विरुद्ध टोकाकडे गेला असणार. ते टोक नरतुरंगातल्या थीटा ताऱ्याजवळ पडते. अजून दोन-चार दिवस तरी धूमकेतूचा गाभा पाठमोरा दिसायला हवा. अडचण अशी की ती जागा जर्मनीच्या क्षितिजावर नीट वरच येत नाही. दक्षिणेकडची वेधशाळा हवी, आणि निरोप तासांत पोचायला हवा. दोनच वर्षांपूर्वी, १८७० मध्ये, युरोप आणि हिंदुस्थान तारेने नीट जोडले गेले होते. जमिनीवरून एक मार्ग आणि समुद्राखालून मुंबईपर्यंत दुसरा. त्याआधी ही कल्पना सुचूनही उपयोग नव्हता. ३० नोव्हेंबरला त्याने मद्रासला तार केली. मजकूर एवढाच: बिएलाने २७ ला पृथ्वीला स्पर्श केला, थीटा नरतुरंगाजवळ शोधा.

मद्रासची वेधशाळा कंपनी सरकारने १७९२ मध्ये नुंगमबाक्कमला उभारली होती. १८६१ पासून तिचा प्रमुख होता नॉर्मन पोगसन. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती मोजण्याची आज जगभर वापरली जाणारी पट्टी त्याचीच. मद्रासला आल्या आल्या त्याने एक लघुग्रह शोधला आणि त्याचे नाव ‘आशिया’ ठेवले. चिंतामणी रघुनाथाचारी हे त्याचे साहाय्यक. १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधून त्यांनी आपले नाव नोंदवलेले. वेधशाळा लहान, माणसे थोडी, पण जागा मोक्याची.

तार मिळाली ती ईशान्य मोसमी पावसाच्या ऐन दिवसांत. पोगसन पहाटे चारला, ती जागा उगवण्याच्या वेळी, दुर्बिणीशी हजर. आभाळ भरलेले, पाऊस. दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास ढगांत निळी फट पडली, आणि दुर्बीण वळवताच त्याला धूमकेतू दिसला! उजाडत चालले होते. शेजारच्या एका निनावी ताऱ्याशी ताडून चार मिनिटांत चार मापे घेण्याएवढाच वेळ मिळाला. गोल, तेजस्वी, मधोमध ठळक केंद्र, शेपूट नाही, असे त्याने लिहून ठेवले. पुढच्या पहाटे त्याने आणखी सात मापे घेतली. आता बारीकसे शेपूटही होते. मग पुन्हा ढग आले आणि ते आठवडाभर हललेच नाहीत.

कक्षा काढायला निदान तीन दिवसांची निरीक्षणे लागतात. पोगसनकडे दोन होती. युरोपात आधी जल्लोष झाला: बिएला सापडला, तोही तारेने बोलावून! नंतर हिशेब तपासले तेव्हा घोळ लक्षात आला. बिएलाचा मूळ गाभा, असलाच तर, पृथ्वीच्या त्या जागेवरून काही आठवडे आधीच निघून गेला असायला हवा होता. पोगसनने पाहिलेला त्याच्यामागून रेंगाळत येणारा तुकडा होता की त्या दिशेला योगायोगाने आलेला परका धूमकेतू, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. मला परका मानणे सोपे वाटते; पण सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिवसांत परक्याने हजर असणे हा योगायोगही पचायला जड आहे. धूमकेतूंच्या यादीत त्याची आज स्वतंत्र नोंद आहे आणि तिच्याआधी एक्स हे अक्षर आहे, म्हणजे कक्षा ठरवता न आलेला.

तेरा वर्षांनी, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर, २७ नोव्हेंबर १८८५ ला थवा पुन्हा भेटला, आणि या खेपेला १८७२ फिके पडले. भराच्या वेळी तासाला ७५,००० उल्का पडत असाव्यात असा अंदाज केला गेला. प्रागमध्ये लाडिस्लाउस वाइनेकच्या काचेवर त्या रात्री एका उल्केचा माग उमटला. उल्केचे ते पहिले छायाचित्र. त्याच रात्री मेक्सिकोत माझापिल इथे एका कुरणाजवळ साधारण चार किलोचा लोखंडी दगड आकाशातून पडला. धूमकेतूचा तुकडा हातात आला म्हणून काही काळ फार आनंद झाला. पण लोखंडी अशनी लघुग्रहांच्या पोटातून येतात आणि धूमकेतूचा मऊ भुगा वातावरणातच विरतो, हे पुढे कळले. दगड त्या रात्री पडला इतकेच.

असल्या योगायोगांची ओढ लोकांना पूर्वीही होती. १८८३ मध्ये इग्नेशियस डॉनली या अमेरिकन राजकारण्याने पुस्तक लिहून जाहीर केले की ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागो आणि पेश्टिगो इथे एकाच वेळी भडकलेल्या आगी बिएलाच्या तुकड्यांनी लावल्या. त्या उन्हाळ्यात तिथे पाऊस नव्हता, सारी शहरे लाकडी होती आणि वारा सुसाट होता. एवढे कारण त्याला पुरले नाही. धूमकेतूचा कुठलाही अवशेष तेव्हा आसपास असण्याचा संभव नव्हता. तरी हा तर्क अजून अधूनमधून डोके वर काढतो.

१८८५ नंतर थवा ओसरला. १८९९ ला थोडी चमक दाखवली, मग गुरूने सड्याची वाट इतकी हलवली की पृथ्वीचा त्याच्या दाट भागाशी संबंधच सुटला. विसाव्या शतकात देवयानीच्या उल्का म्हणजे तासाला दोन-चार, नाही म्हणायला.

शास्त्राच्या खात्यात मात्र या फुटक्या धूमकेतूने बरेच जमा केले. धूमकेतू अमर नाहीत, ते झिजतात, फुटतात, संपतात, हे प्रथम याच्यामुळे डोळ्यांनी दिसले. त्यांच्यापासूनच उल्का होतात याचा इतका थेट पुरावा सिंह आणि ययाती यांच्या थव्यांनी दिला नव्हता, कारण त्यांचे धूमकेतू अजून धडधाकट होते. इथे धूमकेतू गेला आणि त्याच्या जागी उल्का आल्या. १९५० मध्ये फ्रेड व्हिपलने धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळमिश्रित बर्फाचा ठिसूळ गोळा असे सुचवले, तेव्हा बिएलाचे फुटणे त्या चित्रात चपखल बसले. १९९४ च्या जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसेक तुकडे एकामागोमाग गुरूवर आदळले. त्या फुटण्याने जगाला धक्का बसला, पण खगोलशास्त्रज्ञांना बसला नाही. नियतकालिक धूमकेतूंच्या यादीत बिएलाचा क्रमांक आजही तिसरा आहे. पुढे पी ऐवजी डी लावतात, म्हणजे नष्ट किंवा बेपत्ता.

डिसेंबर २०११ च्या पहिल्या आठवड्यात कॅनडातल्या ऑन्टारियोच्या उल्का-रडारवर देवयानीकडून अचानक गर्दी दिसू लागली. डोळ्यांना फारसे जाणवण्याजोगे नव्हते, कण अगदी बारीक होते. पॉल वीगर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धूमकेतूच्या जुन्या फेऱ्यांतून सुटलेल्या धुळीचे मार्ग संगणकावर पुढे चालवून पाहिले. ती धूळ निघाली १६४९ च्या फेरीची. मोंतेनने धूमकेतू पाहण्याच्या सव्वाशे वर्षे आधी, कोणाला त्याचा पत्ताही नसताना सुटलेली. याच हिशेबाप्रमाणे असल्या लहानमोठ्या सरी येत्या काही दशकांतही नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला पडायच्या आहेत. तेव्हा देवयानी महाराष्ट्रातून संध्याकाळीच डोक्यावर असते.